पाटणकर बाईंच्या दुरुस्त्या

सौदीतल्या खमीस मुशैतला येऊन मला आठवडाही झाला नव्हता, तेव्हा पाटणकर बाईंनी मला पहिल्यांदा झापलं. मी तिथल्या भारतीय शाळेत मुलींच्या विभागात जीवशास्त्र शिकवायला नुकतीच लागले होते. स्टाफरूममध्ये मराठी बोलणारं कुणीतरी भेटलं म्हणून मला कोण आनंद झालेला! त्या आनंदाच्या भरात मी त्यांच्या कानाशी लागून म्हणाले, "या केरळच्या बायका ना, आपापसात गट करून राहतात. दुसऱ्याला जवळच येऊ देत नाहीत."

बाई वह्या तपासत होत्या. चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाल्या, "हे जरा हिंदीत सांग बरं. सूझनबाई समोरच बसल्यात. त्यांना सांग."

मी हसले. बाई हसल्या नाहीत.

"नाही सांगता येत? मग खोडून टाक."

"बोललेलं कसं खोडणार, बाई?"

"महिनाभर त्यांच्या टेबलावर डबा खा. आपोआप खोडलं जाईल."

मी नाशिकची, कुणाचं ऐकून घेण्यातली नाही. पण त्या आवाजात काहीतरी होतं, आणि दुसऱ्या दिवशी मी मुकाट्यानं डबा उचलून टेबलाच्या त्या टोकाला गेले. महिना संपता संपता मला कळलं की त्या बायकांना त्या टोकाला बसवलं होतं ते आधीच्या मराठी आणि गुजराती शिक्षिकांनीच. माशांच्या वासाची तक्रार करून! मी हे बाईंना सांगितलं तर त्या फक्त "हं" म्हणाल्या आणि पुढची वही ओढली.

बाई मूळच्या मिरजेच्या. ठेंगण्या, अंगानं भरलेल्या, अबायावर कायम खडूचे पांढरे पट्टे आणि मनगटावर नवऱ्याचं मोठं घड्याळ. नवरा इथल्या एका दवाखान्यात फार्मासिस्ट होता. चार वर्षांपूर्वी तो गेला, तेव्हापासून बाईंचा इकामा, म्हणजे इथं राहायचा परवाना, शाळेच्या नावावर होता. मुलगा पुण्यात. तो सारखा "आता परत ये" म्हणायचा आणि बाई सारख्या "दहावीची बॅच आहे" म्हणायच्या. दहावीची बॅच दर वर्षीच असते हे त्या बिचाऱ्याच्या लक्षात यायला फार वेळ लागला. सौदी म्हटल्यावर वाळवंट आणि उंट डोळ्यांपुढे आणणारे आमचे नातेवाईक सुट्टीला आले की डोंगरातल्या गारठ्यानं कुडकुडायचे. बाईंकडे अशा पाहुण्यांसाठी स्वेटरची एक ट्रंकच होती. स्वेटर देताना त्या म्हणायच्या, "घ्या, भूगोल घाला अंगात."

त्या समाजशास्त्र शिकवायच्या. पण बाईंचा जीव अडकला होता तो दोन महायुद्धांच्या मधल्या वीस वर्षांत, आणि त्यातल्याही एका कोपऱ्यात. पहिलं युद्ध संपल्यावर देशोदेशींच्या सरकारांनी मिळून शांततेसाठी एक संघ काढला, हे आपण सगळेच शाळेत शिकतो. तो अपयशी ठरला हेही शिकतो. त्या संघाला एक लहानशी समिती होती. कालपर्यंत एकमेकांच्या पोरांना मारणाऱ्या देशांतले शास्त्रज्ञ, लेखक, शिक्षक, चित्रकार तिच्यामुळे एका टेबलाशी बसले. ग्रंथालयांनी पुस्तकांची देवाणघेवाण केली, मुलांनी मुलांना पत्रं लिहिली. हे मात्र कुणी शिकवत नाही. बाईंनी ऐन तारुण्यात यावर प्रबंध लिहायला घेतला होता. मार्गदर्शक म्हणाले, "फसलेल्या गोष्टीवर कशाला वेळ घालवता?" बाईंनी प्रबंध सोडला, आणि मार्गदर्शकालाही. विषय तेवढा सोडला नाही.

त्या सगळ्यात बाईंना सर्वांत प्रिय होती एक पद्धत. एका देशाच्या शाळेच्या पुस्तकात दुसऱ्या देशाबद्दल काही चुकीचं किंवा लागट छापलेलं असलं, तर त्या दुसऱ्या देशातल्या विद्वानांनी सभ्य भाषेत पत्र लिहायचं: अमुक पानावरचं हे वाक्य आम्हाला खरं वाटत नाही, कृपया विचार व्हावा. सक्ती कसलीच नाही.

"धमकी नाही, फौज नाही," बाई सांगायच्या, "नुसतं पत्र. एका मास्तरनं दुसऱ्या मास्तरला लिहिलेलं. काय हिंमत लागली असेल, विचार कर!"

बाईंनी ही पद्धत आपल्या वर्गात आणली आणि तिला स्वतःचे नियम जोडले. पान लिहायचं, ओळ लिहायची, काय चुकलंय ते लिहायचं, पुरावा द्यायचा, शिवी द्यायची नाही, आणि शेवटी नमस्कार. चिठ्ठी मिळालेल्यानं ती मान्य केलीच पाहिजे असं नाही. पण उत्तर दिलंच पाहिजे. या शेवटच्या कलमावर बाई कमालीच्या कडक होत्या. उत्तर न देणाऱ्या मुलीला त्या वर्गात बसू द्यायच्या, पण तिच्याशी बोलायच्या नाहीत.

हे वर्गापुरतं राहिलं असतं तर बरं. पण बाई सगळ्यांनाच दुरुस्तीच्या चिठ्ठ्या लिहायच्या. आमच्या प्रिन्सिपल मॅडमना महिन्यातून दोन तरी यायच्या. 'आपल्या परिपत्रकातील तिसऱ्या ओळीत शिक्षिका वेळेवर येत नाहीत असे म्हटले आहे. पुरावा: हजेरीपट. कृपया विचार व्हावा. नमस्कार.' कोपऱ्यावरच्या बकाल्यातला, म्हणजे किराणा दुकानातला, येमेनी दुकानदार एकदा म्हणाला, भारतीय बायका फार घासाघीस करतात. त्यालाही मोडक्यातोडक्या अरबीत चिठ्ठी गेली. त्यानं ती गल्ल्यामागे भिंतीला चिकटवली आणि बाईंना त्या दिवशी पुदिना फुकट दिला. बाईंनी पुदिना परत केला. म्हणाल्या, "उत्तर हवंय, पुदिना नकोय." शेवटी त्यानं लिहून दिलं की सगळ्या नाही, काहीच बायका. ही पावती मिळाल्यावरच पुदिना घरी आला.

परीक्षेत मात्र त्यांची खरी पंचाईत व्हायची. प्रश्न ठरलेला: संघ अपयशी का ठरला, तीन कारणे द्या. बाई मुलींना सांगायच्या, "तीन ओळींत तीन कारणं लिहा आणि मार्क घ्या. मार्क सोडायचे नाहीत, आईवडिलांनी फी भरलीय. चौथ्या ओळीत त्यातलं काय टिकलं ते लिहा. ती ओळ माझ्यासाठी." तपासणाऱ्या दुसऱ्या बाई वैतागून चौथी ओळ लाल शाईनं कापायच्या. एकदा त्यांनी स्टाफरूममध्ये सगळ्यांदेखत विचारलं, "मॅडम, फेल हुआ तो फेल हुआ. इसमें क्या पढ़ाना?"

पाटणकर बाई म्हणाल्या, "घर जल गया, तो क्या खाना खराब पका था?"

मी आणि बाई राहायचो त्याच इमारतीत तळमजल्यावर नसरीन आपा राहायच्या. मुलतानच्या. दोन गल्ल्या पलीकडच्या पाकिस्तानी शाळेत इतिहास शिकवायच्या. बाईंची आणि त्यांची ओळख पाण्याच्या टाकीवरून झालेल्या कडाक्याच्या भांडणातून झाली. तुमच्या मजल्याचा नळ वाहतो म्हणून आमचं पाणी जातं, असं आपांचं म्हणणं. बाईंनी चिठ्ठी लिहिली. आपांनी उत्तर दिलं, तेही मुद्देसूद, चार कलमांत. ते वाचून बाई माझ्याकडे वर आल्या, तेव्हा नवं पातळ आणल्यासारखा चेहरा झाला होता त्यांचा.

"वैशाली, ही बाई मान्य नाही म्हणते. पण कारणं देते!"

पुढे काय होणार ते मला तेव्हाच कळायला हवं होतं. दोघींच्या शाळांत कुठल्याशा खासगी प्रकाशकांची पूरक वाचनाची पुस्तकं होती, दोन्ही इंग्रजीत. त्यांनी त्यांची अदलाबदल केली. त्यांचं पुस्तक आमच्या नववीच्या मुलींनी वाचलं, आमचं त्यांच्या मुलींनी. आणि चिठ्ठ्या सुरू झाल्या. बाईंच्या कापडी पिशवीतून त्या जिना उतरायच्या आणि आपांच्या पिशवीतून चढायच्या.

नोव्हेंबरात एकदा माझ्याकडे पोहे खाताना दोघींनी त्या मोठ्यानं वाचून दाखवल्या. तिकडच्या एका मुलीनं लिहिलं होतं, 'पान एकतीस. माझ्या शहराचं नाव तुमच्या पुस्तकात फक्त लढाईपुरतं येतं. आमच्याकडे पतंगही उडतात. कृपया पतंग घालावेत. सलाम.' आमच्या पोरीचं उत्तर: 'मान्य. शाईनं समासात पतंग घातले आहेत.' आमच्या दुसऱ्या एकीनं लिहिलेलं, 'पान बारा. तुम्ही आम्हाला भित्रे म्हटलं आहे. माझा भाऊ खरोखरच भित्रा आहे, पण त्याच्यावरून सगळ्यांना म्हणू नये.' आपा हसता हसता रडायला लागल्या. सगळ्याच चिठ्ठ्या अशा गमतीच्या नव्हत्या. फाळणीच्या पानावर दोन्हीकडच्या मुलींच्या पणजोबा-पणज्यांनी सोडलेली गावं होती, आणि ती वाचताना पोहे गार झाले. काही चिठ्ठ्यांवर 'मान्य नाही' असंही होतं, खाली कारणं. बाईंनी त्या वेगळ्या काढून दोनदा वाचल्या.

मार्चमध्ये तिकडे सीमेवर पुन्हा तापलं. टीव्हीवर आरडाओरडा सुरू झाला आणि त्याच आठवड्यात आमच्या शाळेतल्या एका मुलीच्या वडिलांना तिच्या दप्तरात एक चिठ्ठी सापडली. शेवटी 'सलाम' लिहिलेली. पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तिचा फोटो पडला आणि संध्याकाळपर्यंत माझा फोन तापला. कुणी म्हणे ही हेरगिरी आहे, कुणी म्हणे मुलींना फितवतायत. ज्यांच्या पोरींना बाईंनी घरी बोलावून फुकट शिकवलं होतं, ते सगळ्यांत पुढे होते.

शाळेच्या कमिटीनं बाईंना बोलावलं. आम्हा शिक्षिकांना मागे बसवलं होतं. कमिटीचे अध्यक्ष एका कंपनीतले मोठे साहेब, स्वभावानं वाईट नव्हते. ते समजुतीच्या सुरात म्हणाले, "मॅडम, एक माफ़ीनामा लिख दीजिए. और जिन लड़कियों ने चिट्ठियाँ लिखीं उनके नाम दे दीजिए. हम उनके माँ-बाप से बात कर लेंगे. बस, खलास."

"माफ़ी किस बात की?" बाईंनी विचारलं. "आपके पास फ़ोटो है ना? ज़ोर से पढ़िए. जहाँ देश का अपमान हुआ हो, वहाँ रुक जाइए."

साहेबांनी चष्मा लावला आणि वाचायला लागले. ती पतंगांची चिठ्ठी होती. वाचून झाली तरी ते कुठेच थांबले नव्हते. मागून कुणीतरी खुदकन हसलं.

"सवाल ये नहीं है," साहेब म्हणाले. "वक़्त ठीक नहीं है."

"सर, वक़्त ठीक हो तो इसकी ज़रूरत किसको है? जिन लोगों ने ये काम शुरू किया, दो लड़ाइयों के बीच में किया. बीच में ही करना पड़ता है."

"मॅडम, आपका इकामा शाळेच्या..." साहेब गडबडले, मराठी-हिंदीची सरमिसळ झाली. साहेब मूळचे कुठलेही असोत, शिकलेले नागपूरला होते.

"माझा इकामा कुणाच्या नावावर आहे ते मला ठाऊक आहे," बाईंनी मराठीतच ऐकवलं. "मुलींची नावं नाही मिळायची."

आणि त्या उठून वर्गावर गेल्या. तास होता त्यांचा.

त्याच दुपारी आमच्यापुढे एक कागद आला. 'सदर प्रकाराची आम्हाला काहीही माहिती नव्हती.' खाली सह्यांसाठी जागा. माझ्या नवऱ्याची नोकरी, माझी नोकरी, मुलाचं शिक्षण असा सगळा पाढा मनात म्हणत मी सही केली. लाज वाटली, खोटं कशाला सांगू? पण केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दाराखालून चिठ्ठी आत सरकलेली होती. 'वैशाली, ओळ पहिली. काहीही माहिती नव्हती असे तू म्हटले आहेस. हे खरे नाही. पुरावा: नोव्हेंबरातले तुझ्या घरचे पोहे. कृपया विचार व्हावा. नमस्कार.' राग नाही, टोमणा नाही, एकही शब्द जास्तीचा नाही. ती हातात घेऊन मी स्वयंपाकघरात कितीतरी वेळ उभी राहिले, दूध उतू गेलं तरी.

उत्तर द्यायला मला तीन दिवस लागले. त्या तीन दिवसांत बाई माझ्याशी बोलल्या नाहीत. जिन्यात भेटलो तर मान हलवून पुढे जायच्या. दरम्यान शाळेनं त्यांना कळवलं की करार वाढवणार नाही, महिनाअखेरीला फायनल एक्झिट, म्हणजे देश कायमचा सोडायचा. बावीस वर्षांचा संसार तीन आठवड्यांत गुंडाळायचा. स्वेटरची ट्रंक त्यांनी सूझनबाईंना देऊन टाकली. पण त्यांच्या डोक्यात भलतंच होतं. तिकडच्या मुलींच्या शेवटच्या चिठ्ठ्यांना आमच्या मुलींनी लिहिलेली उत्तरं बाईंच्या घरी पडून होती, आणि आमच्या मुलींच्या चिठ्ठ्यांची उत्तरं तिकडून यायची होती. जाण्याआधी दोन्ही पोचायला हवी होती. नसरीन आपांच्या शाळेनंही आपांना ताकीद दिली होती, असं कानावर आलं. आठवडाभर त्यांचं दार बंद होतं.

चौथ्या दिवशी मी कागद घेतला. 'दुरुस्ती मान्य. मला सगळं माहीत होतं. प्रत प्रिन्सिपल मॅडमना दिली आहे.' आणि खरोखरच दिली. मॅडमनी कागद वाचला, घडी घातली, खणात ठेवला आणि मला तासाला जायला सांगितलं. मला अजूनही कळलेलं नाही त्या खणातून तो पुढे कुठे गेला.

बाई लगेच वर आल्या. जणू मधे काही झालंच नव्हतं. "तुझी गाडी आहे ना? मंगळवारी मला सोड. त्यांच्या शाळेच्या फाटकावर, सुटायच्या वेळेला."

"बाई, आपा खालीच राहतात! जिन्यात देऊन टाका की. भर दुपारी सगळ्या पालकांसमोर कशाला?"

"जिन्यात दिलं तर ते चोरीचं होईल," बाई म्हणाल्या. "माझ्या मुलींनी चोरी केलेली नाही."

त्यांनी आपांना मेसेज केला: मंगळवारी एक वाजता तुमच्या फाटकावर येते. आपांनी तो वाचल्याचं दिसत होतं. उत्तर आलं नाही.

बाई भारतात परतल्या त्या दिवशी मी अबहाच्या विमानतळावर जाऊ शकले नाही, परीक्षेची ड्यूटी होती. त्यामुळे माझ्यापुरत्या बाई अजून त्या मंगळवारच्या दुपारीच उभ्या आहेत.

फाटकासमोर गाड्यांची ही गर्दी. बाई उतरल्या, रस्ता ओलांडला आणि फाटकाच्या अगदी समोर जाऊन उभ्या राहिल्या. हातात खाकी कागदात बांधलेला गठ्ठा, छातीशी धरलेला. पहारेकऱ्यानं दोनदा "यल्ला, यल्ला" म्हणत पुढे व्हायची खूण केली. बाई त्याला "शुक्रन" म्हणाल्या आणि हलल्या नाहीत. घंटा झाली. मुलींचा लोंढा बाहेर आला, गाड्यांत भरला, पांगला. शिक्षिका बाहेर पडल्या. त्यांतल्या काहींनी बाईंना ओळखलं असावं, कारण त्यांनी माना वळवल्या. आपा नव्हत्या. दीड वाजत आला. मी मनात म्हटलं, चला बाई आता, पुरे झालं, असं होतंच जगात. बाईंनी एकदा गठ्ठा या हातातून त्या हातात घेतला, एवढंच.

मग आपा आल्या. हात रिकामे होते. बाईंच्या समोर उभं राहून म्हणाल्या, आणि चांगल्या मोठ्यानं म्हणाल्या, "बाजी, जवाब लिखने से मना कर दिया है. काग़ज़ तक ले लिए." बाईंचा चेहरा पडला. मी तो पडलेला पहिल्यांदाच पाहत होते. आपांनी मागे वळून हात केला. फाटकाच्या आतून सात-आठ मुली बाहेर आल्या, दप्तरं पाठीला, एकमेकींना ढकलत. "बोलने से किसी ने मना नहीं किया. मैं इन्हीं को ले आई हूँ."

बाईंनी गठ्ठा आपांच्या हातात दिला. फाटकाबाहेरच्या सिमेंटच्या कट्ट्यावर बसल्या, पर्समधून वही काढली, मांडीवर ठेवली आणि चष्मा पुसला. पहिली मुलगी पुढे आली. तिकडे आपल्या गाडीजवळ उभा असलेला एक बाप हे बघत होता. मुलीनं सुरुवात केली, "मेरा नाम..."

"नाम रहने दो, बेटा," बाई म्हणाल्या. "पन्ना बताओ."

"चौंतीस," ती म्हणाली.

माझ्यामागच्या गाड्यांनी हॉर्न वाजवून कहर केला होता. कुणीतरी खिडकीवर थापा मारून मला गाडी काढ म्हणून ओरडत होतं. मी इंजिन बंद केलं आणि किल्ली हातात घेतली.